परदेशातील नोकरीसाठी स्ववृत्त व अर्जपत्र

स्ववृत्त (सीव्ही, बायोडाटा) म्हणजे उमेदवाराचे शिक्षण, अनुभव व कौशल्ये यांची संक्षिप्त आणि क्रमबद्ध नोंद होय. 'सीव्ही' हे 'करिक्युलम व्हिटे' या लॅटिन शब्दप्रयोगाचे लघुरूप असून त्याचा अर्थ 'जीवनक्रम' असा होतो. सोबतच्या अर्जपत्रात (कव्हर लेटर) उमेदवार त्या विशिष्ट पदास योग्य का आहे, हे मांडले जाते.

पार्श्वभूमी
महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य यांच्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पुरविण्याबाबत करार झाला. परिणामी परिचर्या, वीजकाम, नळकाम इत्यादी व्यवसायांतील ग्रामीण उमेदवारांनाही अशा कागदपत्रांची गरज भासू लागली.

देशानुसार भेद
जर्मनीत कोष्टकरूप, साधारणतः दोन पानांचे स्ववृत्त रूढ आहे. छायाचित्र बंधनकारक नसले तरी ते जोडण्याची प्रथा टिकून आहे. अमेरिका व ब्रिटनमध्ये छायाचित्र, वय, धर्म आणि वैवाहिक स्थिती यांचा उल्लेख टाळतात. युरोपीय संघाचा 'युरोपास' हा नमुना २००५ पासून प्रचारात आहे.

नोंदींतील एकवाक्यता
नाव व जन्मस्थळ पारपत्राप्रमाणेच लिहावे लागते. बीड जिल्ह्यातील धारूर हे गाव 'किल्लेधारूर' असेही लिहिले जाते. पारपत्रात एक व दाखल्यात दुसरे रूप असल्यास पडताळणीत शंका निर्माण होऊ शकते. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी बदलाचा पुरावा जोडणे इष्ट ठरते. औरंगाबादचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले आणि मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. म्हणून प्रमाणपत्रावरील जुने नाव तसेच ठेवून नवे नाव कंसात देणे सोयीचे असते.

अर्जपत्राची रचना
हे पत्र सहसा एका पानाचे असते. त्यात पदाचा उल्लेख, अनुभवाची एक-दोन नेमकी उदाहरणे, भाषेची पातळी आणि रुजू होण्याचा काळ येतो. एकच पत्र सर्व संस्थांना पाठविल्यास त्याचा हेतू साध्य होत नाही.

दक्षता
उत्प्रवास अधिनियम, १९८३ नुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या दलालास नोंदणी आवश्यक असते. ही नोंदणी 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर तपासता येते. दलालाने स्ववृत्तात खोटा अनुभव घातल्यास त्याचे परिणाम उमेदवारासच भोगावे लागतात: व्हिसा नाकारला जाऊ शकतो किंवा नोकरी जाऊ शकते. म्हणून पाठविण्यापूर्वी प्रत्येक ओळ स्वतः वाचून समजून घेणे आवश्यक आहे.