हरिपूरची पेवं

हरिपूर म्हटलं की कुणाला कृष्णा-वारणेचा संगम आठवतो, कुणाला संगमेश्वराचं देऊळ, नाटकवेड्यांना 'शारदा'कार देवल. मला आठवते ती जमिनीखालची हळद. सांगलीच्या हळद पेठेत अडत दुकानावर माझी नोकरी झाली. त्या काळी पेठेचं खरं कोठार चार भिंतींचं नव्हतंच; ते हरिपुराच्या मातीत होतं.

नदीकाठची ती माती चिवट. खोल खणलं तरी ढासळत नाही, पाणी सहसा पाझरू देत नाही. तिथे वीस-पंचवीस फूट खोल पेव खणायचं. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढंच, पोट मात्र ऐसपैस. तळाला आणि कडेने वाळलेलं पाचट, चटया लावून आत हळकुंडं ओतायची. एका पेवात शंभराहून जास्त क्विंटल माल सहज मावे. मग तोंडावर पुन्हा पाचट, वर माती, आणि पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून उंचवटा करून शेणाने सारवण. आत कोंडलेल्या हवेतला प्राणवायू हळूहळू संपतो आणि कीड जगत नाही. ना औषध, ना धुरी, ना वीज. नीट उकडून खडखडीत वाळवलेली हळद अशी वर्षानुवर्षं राही, आणि रंग टिकलेला असे.

पेव उघडण्याचं काम मात्र जोखमीचं. माती बाजूला केली की लगेच कुणी आत उतरत नसे. तोंड तासन् तास उघडं ठेवत, मग दोरीला कंदील बांधून हळूहळू खाली सोडत. ज्योत मंद झाली, फडफडली, की कंदील वर ओढून पुन्हा थांबायचं. मालक कितीही घाई करो, ज्योत तळापर्यंत स्थिर राहिल्याशिवाय जुना हमाल पाय आत टाकत नसे. उतरल्यावर पाट्या भरून माल वर यायचा. माणसं पिवळीधमक होऊन बाहेर पडत आणि पहिल्यांदा नुसता श्वास घेत बसत.

आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठी सोय वेगळीच होती. हळद एकदा पेवात गेली की विकली जाईपर्यंत, आणि विकल्यावरही, जागची हलत नसे. सौदा पेढीवर व्हायचा, वहीत नाव बदलायचं, हळद तिथेच. मधल्या मधल्या गाडीभाड्याचा, हमालीचा, पोती फाटून सांडणाऱ्या मालाचा खर्चच नाही. सांगलीत हळदीचा वायदा बाजार उभा राहिला, त्याला खात्रीने टिकणाऱ्या या साठ्याचा मोठा आधार होता, असं माझं ठाम मत आहे. आज पुरवठा साखळीतली नासधूस आणि इंधन कमी करण्यावर परिसंवाद होतात. हरिपूरकरांनी ते पिढ्यान् पिढ्या करून दाखवलं.

2005 च्या महापुराने हे मोडलं. कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं आणि आतली हळद कुजली. ज्या व्यापाऱ्यांचा माल गेला त्यांनी गोदामं, शीतगृहं धरली, त्यात त्यांची चूक नाही. 2019 ला नदी पुन्हा गावांत शिरली, तेव्हा पेवांकडे परतायचा विषयच संपला. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिला सांभाळणारी ही पद्धत तोवर मागे पडली होती.

मला याची खंत वाटते, कारण पूर हा जागेचा दोष होता, तत्त्वाचा नव्हे. धान्यासाठी ज्या हवाबंद पिशव्या आता विकल्या जातात, त्यांत नेमकं हेच घडतं: आतला प्राणवायू संपतो आणि किडा मरतो. कोरड्या हळदीला बारा महिने विजेचा गारवा लागतोच असं नाही. हरिपुरात उरलेली पेवं बुजण्याआधी कृषी महाविद्यालयांनी तिथली माती थराथरानं तपासावी, आतला ओलावा मोजावा, आणि ज्यांनी पेवं भरली, उघडली त्या म्हाताऱ्या हमालांना गाठून सगळं लिहून घ्यावं. मग पुराच्या रेषेच्या वर, अशीच चिवट माती मिळेल तिथे, एक पेव खणून बघावं.