अंड्यांवरील पुरावा : मॅक्युलिपेनिस डांसाच्या जातिनिर्णयाची हकीकत

यादींत एकाच नांवाखालीं नोंदलेल्या पोथ्या प्रत्यक्ष सोडून पाहिल्या असतां भिन्न परंपरेच्या निघतात, हा अनुभव संग्राहकांस नवा नाहीं. प्राणिशास्त्राच्या यादींतहि असाच एक प्रकार घडला आणि तेथील चुकीची किंमत माणसांच्या प्राणांनीं मोजावी लागत होती. त्या निर्णयाची हकीकत पुराव्याच्या दृष्टीनें येथें संक्षेपानें देत आहें.

इ. स. १८१८ मध्यें मायगेन या जर्मन कीटकशास्त्रज्ञानें पंखांवर ठिपके असलेल्या एका यूरोपीय डांसास ‘ॲनॉफिलीस मॅक्युलिपेनिस’ हें नांव दिलें. पुढें २० ऑगस्ट १८९७ रोजीं रोनाल्ड रॉस यांस सिकंदराबाद येथें ॲनॉफिलीस डांसाच्या जठराच्या भिंतींत हिंवतापाचा जंतु आढळला. १८९८ सालीं ग्रासी व त्याचे सहकारी यांनीं इटलींत मनुष्याचा हिंवताप याच वर्गाचे डांस पसरवितात असें सिद्ध केलें. तेव्हांपासून मॅक्युलिपेनिस हा यूरोपांतील मुख्य अपराधी ठरला.

परंतु लवकरच एक विसंगति नजरेस आली. यूरोपांतील पुष्कळ प्रदेशांत हा डांस विपुल असून तेथें हिंवतापाचें नांव नव्हतें. दुसरीकडे तोच डांस गांवेंच्या गांवें तापानें उजाड करी. या कोड्याचीं उत्तरें निरनिराळ्या प्रकारें शोधण्यांत आलीं :

(१) फ्रान्समध्यें रूबो यानें असें मत मांडलें कीं, जेथें गुरें पुष्कळ तेथें डांस त्यांच्याकडे वळतो व माणूस वांचतो. यासाठीं त्यानें डांसाच्या जबड्यावरील दांते मोजले.

(२) हॉलंडमध्यें स्वेलेनग्रेबेल व त्याचे सहकारी यांनीं पंखांची लांबी मोजली. आखूड पंखांचे डांस खारट पाण्याच्या, हिंवतापी भागांत व लांब पंखांचे गोड पाण्याच्या, निरोगी भागांत सांपडले. १९२७ सालीं व्हान टील यानें आखूड पंखांच्या प्रकारास ‘ॲट्रोपार्व्हस’ हें नांव दिलें.

दोन्ही मापें विचारणीय खरीं. पण तीं सरासरीचीं होतीं. समोर ठेवलेला एकच डांस कोणत्या प्रकारचा, हें त्यांवरून निश्चित सांगतां येत नसे.

निर्णायक साधन फालेरोनी या इटालियन आरोग्यनिरीक्षकानें पुढें आणलें. त्यानें एकेक मादी वेगळी कोंडून तिचीं अंडीं तपासलीं. एका मादीचीं सर्व अंडीं एकाच नक्षीचीं असत. दोन माद्यांच्या नक्षींत मात्र उघड फरक पडे. १९२६ सालीं त्यानें ‘लॅब्रांकी’ व ‘मेसी’ असे दोन प्रकार नांवानिशीं वेगळे काढले. कांहीं वर्षें त्याच्या लेखाकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १९३१ च्या सुमारास मार्टिनी, मिसिरोली व हॅकेट यांनीं तें सूत्र हातीं घेतलें, तेव्हां सर्व गुंता उलगडला.

अंड्याच्या वरच्या बाजूचा रंग, त्यावरील पट्टे व दोहों बाजूंच्या हवेच्या पिशव्या, हीं वाचावयाचीं चिन्हें होत. मूळ मॅक्युलिपेनिसच्या फिकट अंड्यावर दोन काळे आडवे पट्टे असतात; ‘मेलानून’चें अंडें गडद काळें असतें; ‘लॅब्रांकी’च्या पिशव्या लहान असतात, आणि ‘सॅकारोव्ही’स त्या बहुधा नसतातच. नकाशा या चिन्हांप्रमाणें पुन्हां मांडला तेव्हां विसंगति नाहींशी झाली. दक्षिणेकडील भयंकर हिंवतापाचे प्रदेश ते लॅब्रांकी व सॅकारोव्ही यांचे निघाले. ज्या भागांत मेसी किंवा मूळ मॅक्युलिपेनिस एवढेच होते, तेथें ते बहुतांशीं गुरांवर जगत व ताप क्वचितच पसरे. संकराच्या प्रयोगांत बहुतेक जोड्यांची संतति वांझ किंवा अल्पजीवी निघाली. यावरून या निव्वळ उपजाति नसून स्वतंत्र जाति होत, हें मत बळावलें.

पुढें रंगसूत्रांच्या परीक्षणानें या निर्णयास दुजोरा मिळाला. २००४ सालीं रुमानियांतील मेसीसदृश डांसांतून ‘डेसिई’ ही आणखी एक जाति, मुख्यतः डी. एन. ए. च्या क्रमावरून, वेगळी करण्यांत आली. आपल्या देशांतील ‘क्युलिसिफेसीज’ची कथा अशीच आहे. गाइल्सनें १९०१ मध्यें एक म्हणून वर्णिलेल्या या डांसांत ‘ए’ व ‘बी’ या दोन जाति आहेत, असें १९८० मध्यें ग्रीन व माइल्स यांनीं रंगसूत्रांवरून दाखविलें. त्यांपैकीं ‘बी’ हिंवताप पसरविण्यांत ‘ए’पेक्षां पुष्कळच दुर्बल आहे. दोघींत भेद न करतां केलेली फवारणी निरुपद्रवी डांसांवर खर्च होण्याचा संभव असतो.

इतिहासकारानें यांतून एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १९३० पूर्वींच्या अहवालांत ‘मॅक्युलिपेनिस’ असें आढळल्यास तें समूहाचें नांव समजावें. स्थळ, पाणी व ऋतु यांची नोंद सोबत असल्याशिवाय तें कोणत्याहि एका जातीस लावूं नये. ज्या नोंदकारानें ‘खारट डबक्यांत सांपडला’ एवढेंच अधिक लिहून ठेवलें, त्याची ती अर्धी ओळ आज पुष्कळ मोलाची ठरते.