नाणेघाट ते भीमाशंकर : डोंगर आणि माणसे
जुन्नर-आंबेगावचा पश्चिम डोंगरपट्टा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्हारसाचा, म्हणजे बेसाल्ट या काळ्या कातळाचा बनलेला असून, कोकणाच्या बाजूने तो सरळ तुटलेला असल्यामुळे घाटवाटांना येथे फार मोल आले. सातवाहनकाळी कल्याण-सोपाऱ्याचा माल नाणेघाटाने जुन्नरच्या पेठेत चढे. घाटातील लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे, आणि त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे कोरलेले असल्याने भारतीय अंकलेखनाच्या अभ्यासात त्याला मानाचे स्थान मिळाले. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता, असे परंपरा सांगते; पुरावा मात्र तेवढा बोलका नाही.

व्यापार ओसरला, तरी रान राहिले. महादेव कोळी कुटुंबे बाळहिरडा, म्हणजे हिरड्याचे कोवळे फळ, गोळा करून काळे सुरकुतेपर्यंत उन्हात वाळवतात आणि औषधांसाठी विकतात. भीमाशंकरच्या देवराईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, शेकरू ही मोठी खार फांद्यांवर घरटी बांधते. तिच्यासाठी 1985 मध्ये अभयारण्य झाले खरे, पण त्यापूर्वीची राखण गावांनीच केली होती.