अठ्ठावन्न आले कुठून?

मागच्या शनिवारी सकाळी एक एक्सेल शीट उघडून बसलो होतो. ऑफिसातले सगळेच कधी ना कधी बनवतात तसली, रिटायरमेंट प्लॅनिंगची. डावीकडे वय, उजवीकडे शिल्लक, मध्ये महागाई आणि व्याज. पहिल्या ओळीत 'निवृत्तीचं वय' असं लिहिलं आणि बोटांनी आपोआप ५८ टाइप केलं. पुढच्या सेलकडे जाणार तेवढ्यात थबकलो. ५८ च का? ५५ का नाही, ६३ का नाही? कोडमध्ये कोणी असा कारण न देता आकडा ठोकून दिला तर रिव्ह्यूमध्ये आम्ही त्याला सोलून काढतो. 'मॅजिक नंबर' म्हणतात त्याला. आणि इथे मी माझ्याच आयुष्याच्या शीटमध्ये एक मॅजिक नंबर टाकून पुढे निघालो होतो :-)

झालं! शीट राहिली बाजूला आणि अख्खा वीकेंड या आकड्याच्या मागे गेला.

सुरुवात जर्मनीत होते. बिस्मार्कने १८८९ साली कामगारांसाठी वृद्धापकाळाच्या विम्याचा कायदा केला. सरकारने चालवलेली अशी मोठी योजना ही पहिलीच. आपण सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट अशी, की बिस्मार्क स्वतः ६५ वर्षांचा होता म्हणून त्याने ६५ हे वय ठरवलं. गोष्ट छान आहे, पण साफ खोटी. बिस्मार्कचा जन्म १८१५ चा, म्हणजे कायदा झाला तेव्हा तो ७४ वर्षांचा होता. आणि कायद्यातलं वय होतं ७०! ते ६५ वर आलं १९१६ मध्ये, बिस्मार्क जाऊन अठरा वर्षं झाल्यावर. बरं, हे सगळं बिस्मार्कने कामगारांच्या प्रेमापोटी केलं असंही नाही. समाजवादी पक्षाकडे वळणारा कामगार सरकारशी बांधलेला राहावा, हा त्यातला रोख. कामगार आणि मालक यांनी वर्गणी भरायची, सरकारने वर थोडी भर घालायची. आपल्या पगाराच्या स्लिपवर पीएफच्या दोन ओळी दिसतात ना, त्यांचा खापरपणजोबा म्हणजे हा कायदा.

अमेरिकेने १९३५ साली सोशल सिक्युरिटीचा कायदा करताना ६५ हे वय धरलं. तिथली एक गोष्ट मला फार आवडली. आयडा मे फुलर नावाच्या बाई व्हरमाँटमध्ये एका वकिलाच्या ऑफिसात नोकरी करायच्या. दरमहा पेन्शनचा देशातला पहिला चेक त्यांना मिळाला, ३१ जानेवारी १९४० या तारखेचा, २२ डॉलर ५४ सेंटचा. तोवर त्यांनी तीन वर्षांत भरलेली एकूण रक्कम होती २४ डॉलर ७५ सेंट. म्हणजे दुसऱ्या चेकलाच भरलेले पैसे वसूल! बाई पुढे १९७५ पर्यंत, शंभर वर्षांच्या होईपर्यंत जगल्या आणि त्यांना मिळाले एकूण २२,८८८ डॉलर ९२ सेंट.

वाचून आधी हसू आलं, पण मग लक्षात आलं की पेन्शनचं सगळं मर्म इथेच आहे. फार लवकर मरणं हा घरच्यांचा धोका, त्याला आयुर्विमा आहे. पण फार जास्त जगणं हाही धोकाच, आणि तो आपला स्वतःचा. मी किती वर्षं जगणार हे मला माहीत नाही. पण एक कोटी माणसं सरासरी किती जगतील हे बऱ्यापैकी सांगता येतं. एकट्या माणसाला सरासरी नसते, ती फक्त गर्दीला असते. मग प्रश्न इतकाच उरतो, की जास्त जगण्याचा हा धोका उचलायचा कुणी?

आता आपल्याकडे येऊ. ब्रिटिशांच्या राज्यात सरकारी नोकराचं निवृत्तीचं वय ५५ होतं, तेच स्वातंत्र्यानंतरही चालू राहिलं. केंद्राने ते १९६२ साली ५८ केलं आणि १९९८ मध्ये ६०. महाराष्ट्रात बहुतेक राज्य कर्मचाऱ्यांसाठी ते ५८ राहिलं. आणि खाजगी नोकरदारांसाठी १९९५ साली कर्मचारी पेन्शन योजना, म्हणजे ईपीएस आली, तिच्यातही पेन्शन सुरू होण्याचं वय ५८ च. सापडला आमचा मॅजिक नंबर!

इथे अनेकजण एक गणित मांडतात: स्वातंत्र्याच्या सुमाराला भारतीयांचं सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षं होतं, म्हणजे ५५ व्या वर्षी पेन्शन घ्यायला उरायचं कोण? हे तितकंसं खरं नाही. ३२ हा आकडा इतका खाली होता तो मुख्यतः बालमृत्यूंमुळे. ज्याने पंचावन्नी गाठली तो पुढेही बरीच वर्षं काढायचा. सरासरी गर्दीची असते म्हटलं ते हेच, ती एकट्या माणसाला लावली की फसगत होते.

पण सरकारी नोकर होते किती? बाकीच्यांचं काय? त्यांच्यासाठी १५ नोव्हेंबर १९५१ ला एक वटहुकूम निघाला आणि १९५२ मध्ये त्याचा भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला. सुरुवातीला तो फक्त सहा उद्योगांना लागू होता: सिमेंट, सिगारेट, इंजिनिअरिंग, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. वर्गणी होती पगाराच्या सव्वासहा टक्के आणि तेवढीच मालकाची. सव्वासहा हा विचित्र आकडा कुठून आला म्हणून डोकं खाजवलं, मग ट्यूब पेटली. सोळा आण्यांचा रुपया, त्यातला एक आणा म्हणजे बरोबर सव्वासहा टक्के!

कापड म्हटलं की मुंबई आणि मुंबई म्हटलं की आमचे आजोबा. रत्नागिरी जिल्ह्यातून १९५३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी ते मुंबईत आले आणि लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर काम. काही वर्षांनी कायम झाले आणि रुपयातला आणा कापला जाऊ लागला. राहायला गावकीची खोली, जेवायला खानावळ, महिन्याला गावी मनीऑर्डर. अस्सल चाकरमानी.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. आजोबा तेव्हा ४७ वर्षांचे. दोन वर्षं वाट पाहिली आणि १९८४ मध्ये त्यांनी हिशेब घेतला. गिरणगावात 'हिशेब घेतला' या दोन शब्दांत काय काय होतं ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे मिळून जे पैसे आले त्यातून वाण्याची उधारी फिटली, आत्याचं लग्न झालं आणि गावच्या घराची कौलं बदलली. संपले! म्हातारपणासाठी तीस वर्षं साठवलेली रक्कम वयाच्या ४९ व्या वर्षी खर्च झाली होती. आजोबा त्यानंतर ३५ वर्षं जगले.

पीएफ आणि पेन्शनमधला फरक मला या गोष्टीतून समजला. पीएफ ही रक्कम असते. ती एकदम हातात येते आणि रक्कम हातात आली की आजची गरज उद्याच्या गरजेला ढकलून पुढे उभी राहते. यात आजोबांची काही चूक नव्हती. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. पेन्शन म्हणजे दर महिन्याचा प्रवाह, मरेपर्यंत न आटणारा. तो त्यांना नव्हता.

त्याच १९८२ सालच्या डिसेंबरात दिल्लीत अगदी उलटी गोष्ट घडली. सरकारने पेन्शनचं नवं, जास्त उदार सूत्र आणलं होतं, पण ३१ मार्च १९७९ ला किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच. संरक्षण खात्यातून निवृत्त झालेले डी. एस. नकारा आणि इतर त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच जणांच्या घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ ला निकाल दिला. पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेतून मिळवलेला तो हक्क आहे, आणि केवळ निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांचे दोन भाग पाडता येणार नाहीत, असा त्याचा आशय. १७ डिसेंबर हा 'पेन्शनर दिन' म्हणून पाळतात तो यासाठी. एकाच वर्षी एका वर्गाला हक्क मिळाला आणि मुंबईतल्या दुसऱ्या वर्गाच्या हातून होता तो पगारही गेला.

आजोबांना मग कुणी सांभाळलं? गावाने आणि बाबांनी. भाताचा एक तुकडा होता, थोडी सुपारी होती. १९८८ साली बाबांना राज्य सरकारची नोकरी लागली आणि मनीऑर्डरची दिशा कायम राहिली, फक्त पाठवणारा बदलला. बाबा २०२३ मध्ये ५८ पूर्ण करून निवृत्त झाले. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मं पेन्शन, वर महागाई भत्ता. धोका सरकारचा.

पण त्यांच्या शेजारच्या टेबलावर २००६ साली लागलेले एक काका बसायचे, त्यांना हे नाही. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून नव्याने लागणाऱ्यांसाठी (सैन्यदलं सोडून) एनपीएस आणली आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून जुनी पेन्शन बंद केली. जुन्यात पेन्शन ठरलेली असायची, नव्यात फक्त वर्गणी ठरलेली. पुढे काय मिळेल ते बाजार ठरवणार. सरकारची बाजूही समजण्यासारखी आहे. माणसं जास्त जगू लागली होती आणि पेन्शनचा बोजा दरवर्षी वाढत होता. पण धोका नाहीसा झाला नाही, तो फक्त टेबलाच्या या बाजूकडून त्या बाजूला सरकला. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यातले कर्मचारी आठवडाभर संपावर गेले ते यासाठीच. केंद्रानेही १ एप्रिल २०२५ पासून २५ वर्षं सेवा झालेल्यांना निम्म्या पगाराची हमी देणारा नवा पर्याय दिला, म्हणजे घड्याळाचा लंबक थोडा मागे आला.

आणि आपण आयटीवाले? माझा पहिला बेसिक १५,००० च्या आत होता म्हणून मी ईपीएसमध्ये आहे. माझ्याच बॅचच्या मित्राचा जास्त होता, तो त्यात नाहीच, कारण सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा लागणाऱ्यांना ही मर्यादा ओलांडली की दार बंद. सूत्र साधं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. तीच १५,००० ची मर्यादा आणि न थांबता ३५ वर्षं नोकरी धरली तर उत्तर येतं महिना ७,५००. दोन वर्षांचा बोनस धरूनही आठ हजारांच्या आत. त्याला महागाई भत्ता नाही. ६ टक्के महागाईने ३० वर्षांत किमती पावणेसहा पट होतात, म्हणजे ते साडेसात हजार आजच्या तेराशे रुपयांएवढे. आमच्या सोसायटीचा महिन्याचा मेंटेनन्स त्याहून जास्त आहे!

म्हणजे बघा, आयडाबाईंचा धोका लाखो लोकांनी वाटून घेतला, बाबांचा सरकारने, आजोबांचा गावाने आणि मुलाने. माझा माझ्यावर. एकट्यावर. आणि एकट्याला सरासरी नसते.

पैशाचं हे असं. पण ५८ चा दुसरा अर्थ मला बाबांकडे बघून कळला. निरोपाला शाल, श्रीफळ, घड्याळ सगळं झालं आणि दुसऱ्या दिवशी बाबा साडेनऊला इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये बसले. पुढचे दोन महिने रोज. सरकारने त्यांना निवृत्तीची तारीख पस्तीस वर्षं आधी सांगून ठेवली होती, पण त्या तारखेनंतर सकाळी साडेनऊला काय करायचं हे कुणीच सांगितलं नव्हतं. आजोबांना हा प्रश्न कधी पडला नाही. ते गावी गेले, आधी नांगर धरायचे, मग नांगर सुटला आणि गुरं राहिली, गुरं सुटली आणि ऐंशीनंतर ओटीवर बसून सुपारी सोलणं राहिलं. शेतातलं काम उतारासारखं कमी होतं, ऑफिसातलं कड्यासारखं तुटतं. अर्थात आजोबांची गरिबी कुणाला हवीहवीशी वाटू नये. पण उतार मात्र हवा.

रविवारी रात्री शीट पुन्हा उघडली. ५८ खोडून तिथे व्हेरिएबल टाकला. जगण्याचं वय ८५ धरलं होतं ते ९५ केलं. जमलेल्या पैशातला एक भाग मरेपर्यंत दरमहा रक्कम देणाऱ्या अॅन्युइटीसाठी बाजूला लिहिला. आज तिचा परतावा बघून सगळे नाकं मुरडतात, पण गर्दीची सरासरी विकत घ्यायचा तेवढाच एक मार्ग मला दिसतो. पीएफ नोकरी बदलताना काढायचा नाही, असं लाल अक्षरात लिहिलं. आणि पन्नाशीनंतर पगार एकदम शून्य न करता हळूहळू कमी होत जाणारा दाखवला. काय काम करणार ते अजून माहीत नाही, तो सेल रिकामा आहे.

मग बाबांना फोन करून हे सगळं उत्साहाने ऐकवलं. ते हल्ली गावीच असतात. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सगळं बरोबर आहे रे. पण दर पावसाळ्याआधी कौलं परतायचा खर्च धरलास का?"

नव्हता धरला. नवीन ओळ टाकली.