ठरलेली संध्याकाळ : लंडनमधील एका रेल्वे-प्रतिकृती मंडळाची कथा

मंडळाच्या वाटचालीस पन्नास वर्षे पूर्ण होत असताना एक प्रश्न साहजिकच मनात येतो. संस्था टिकते ती कशाच्या बळावर? गणेशोत्सव, कोजागरी, नाट्यप्रयोग यांची नोंद वार्षिक अहवालात होते. परंतु दोन समारंभांच्या मधल्या काळात जे घडते, त्याची नोंद कोठेच होत नाही. या प्रश्नाचा विचार करताना आमचे लक्ष एका अगदी निराळ्या मंडळाकडे वेधले गेले. लंडनचा ‘द मॉडेल रेल्वे क्लब’ ही आगगाडीच्या लहान प्रतिकृती तयार करणाऱ्या हौशी मंडळींची संस्था. ती १९१० साली स्थापन झाली आणि या प्रकारची जगातील सर्वांत जुनी संस्था म्हणून ओळखली जाते.

दोन महायुद्धांतून ही संस्था तरून गेली. १९६० साली किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ कॅलशॉट स्ट्रीटवर तिची स्वतःची वास्तू उभी राहिली. दीर्घकाळ अध्यक्ष असलेल्या जी. पी. कीन यांच्या स्मरणार्थ ती ‘कीन हाउस’ म्हणून ओळखली जाते. वेस्टमिन्स्टरच्या सेंट्रल हॉलमधील तिची प्रदर्शने एके काळी गाजली. पण संस्थेचा खरा प्राण आहे तो ठरलेल्या संध्याकाळी जमून काम करण्यात. दिवसाचा कामधंदा आटोपून सभासद येतात, चहा होतो आणि मग कोणी रूळ जोडतो, कोणी पुठ्ठ्याच्या भिंतीवर विटा रंगवतो, तर कोणी बिघडलेले इंजिन उघडून बसतो. नवशिका जाणत्याच्या शेजारी बसतो आणि पाहत पाहत शिकतो.

या बैठकांतून साकारलेली एक कृती म्हणजे ‘कोपनहेगन फील्ड्स’. नाव डेन्मार्कच्या राजधानीचे असले, तरी हे स्थळ उत्तर लंडनमधील, किंग्ज क्रॉसच्या उत्तरेस आहे. १८३४ साली टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटना केल्याबद्दल हद्दपारीची शिक्षा झाली, तेव्हा हजारो कामगार निषेधासाठी याच माळावर जमले होते. १८५५ मध्ये तेथे मोठा गुरांचा बाजार उघडला. पुढे जुन्या वस्तूंचा कॅलेडोनियन बाजारही तेथे भरू लागला. दुसऱ्या महायुद्धात तो बंद पडला, गुरांचा बाजारही कालांतराने उठला. त्या बाजाराचा घड्याळाचा मनोरा मात्र आजही उभा आहे.

विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मंडळाच्या सभासदांनी दोन महायुद्धांमधील काळातले हे स्थळ लघुरूपात उभे करण्यास आरंभ केला. प्रमाण ठरले एका फुटास दोन मिलिमीटर, म्हणजे सहा फुटी माणूस अवघा बारा मिलिमीटरचा! सत्तर फुटी ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ इंजिन टेंडरसह वीतभरही होत नाही. दुकानात या आकाराचे तयार रूळ नऊ मिलिमीटर रुंदीचे मिळतात. हिशेबाने मात्र ९.४२ मिलिमीटर हवेत. अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असलेला हा फरक या मंडळींना मानवला नाही. त्यांनी रूळ हातानेच घातले. जुने नकाशे व छायाचित्रे धुंडाळून घरे एकेक करून बांधली. मागील घरे क्रमाक्रमाने लहान केल्यामुळे शहर दूरवर पसरल्याचा भास होतो. हे काम दशकानुदशके चालले आहे. जो बाजार कित्येकांनी कधी पाहिलाच नाही, तो त्यांच्याच हातांनी पुन्हा भरला.

किंग्ज क्रॉस स्थानक १८५२ च्या ऑक्टोबरात उघडले आणि त्यानंतर सहाच महिन्यांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला आपली पहिली गाडी निघाली. आपण सारे या परमुलखात आलो तेही रुळांवरूनच. लघुरूपात स्थळ उभे करण्याची हौसही आपल्याला परकी नाही. दिवाळीत अंगणात, नाही तर सदनिकेच्या गच्चीत, आपली मुले मातीचा किल्ला करतात, त्यावर आळीव पेरतात, चित्रे मांडतात. आपल्या किल्ल्यावर महाराज बुरुजाहून उंच असतात. प्रमाणाची तेथे कोणी पर्वा करीत नाही. पण ज्या मुलाने सह्याद्री पाहिला नाही, त्याच्या बोटांना त्या मातीतून काहीतरी कळते.

मात्र लंडनच्या मंडळींकडून एक गोष्ट आपण शिकावी. आपण साकारतो तो एका विशिष्ट काळाचा देखावा आहे, हे त्यांना पक्के ठाऊक असते; दाराबाहेरचे किंग्ज क्रॉस पार बदलले आहे, हे ते विसरत नाहीत. आपण मात्र गाव सोडले त्या दिवसाचेच गाव मनात जपतो आणि सुट्टीत तेथे गेल्यावर ते बदललेले पाहून खिन्न होतो. आठवण जपावी, पण तिला आजचे गाव समजू नये.

मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांसाठी आमचे मागणे फार मोठे नाही. समारंभ होतच राहतील. त्यांच्याबरोबर आठवड्याची एक ठरलेली संध्याकाळ असावी, करण्यासारखे काही काम असावे आणि आजोबांच्या शेजारी नातवाला बसायला जागा असावी. काम आपल्या हयातीत पुरे झाले नाही तरी चालेल. ते पुढे नेणारे हात त्या बैठकीतच तयार होतात.