साखरेची वही कोणाची?

१/ वर्ष १९६९. न्यूयॉर्कमधील एका अभियंत्याला स्वतःच्या रक्तातील साखर घरी मोजायची होती. यंत्र बाजारात होते, पण त्याला ते विकत मिळेना. कारण तो डॉक्टर नव्हता. दीर्घ आजारात स्वतःच्या नोंदी स्वतः ठेवण्याचा अधिकार रुग्णाकडे कसा आला, याविषयीचा हा #थ्रेड.

२/ रुग्णनोंदी प्राचीन आहेत. हिप्पोक्रेटीसच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या ग्रीक ग्रंथांत तापाच्या रुग्णांच्या दिवसागणिक नोंदी आढळतात. मात्र त्या वैद्यांनी वैद्यांसाठी लिहिल्या. ताप उतरला किंवा रुग्ण दगावला, की नोंद संपे. मधुमेह असा संपत नाही. तो रोजचा हिशेब मागतो.

३/ हा हिशेब दीर्घकाळ चालू शकला तो इन्सुलिनमुळे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या मुलाला ते प्रथम टोचले गेले. पूर्वी जी मुले हमखास दगावत, ती आता जगू लागली. रुग्णाला आजाराचे शिक्षण दिलेच पाहिजे, असा बोस्टनच्या डॉ. इलियट जॉस्लिन यांचा आग्रह होता.

४/ घरी तपासणी होई ती लघवीची. बेनेडिक्टच्या द्रावणात ती तापवायची. रंग निळाच राहिला तर साखर नाही, हिरवा-पिवळा-विटकरी होत गेला तर वाढती साखर. परंतु लघवी काही तासांपूर्वीची स्थिती सांगते. या क्षणी रक्तात काय चालले आहे, हे रुग्णाला कळत नसे.

५/ आता त्या अभियंत्याकडे वळू. रिचर्ड बर्नस्टीन, वयाच्या बाराव्या वर्षापासून मधुमेही. पत्नी डॉक्टर असल्याने यंत्र तिच्या नावे मागवले. किंमत सुमारे ६५० डॉलर. दिवसातून अनेकदा साखर मोजून त्यांनी आहार आणि इन्सुलिन यांचा मेळ बसवला. प्रकृती सुधारली, पण वैद्यकीय नियतकालिकांनी त्यांचे लेखन नाकारले. अखेर पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला!

६/ काळाने कौल दिला. १९८३ ते १९९३ या काळात अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. साखर वारंवार मोजून काटेकोर उपचार घेणाऱ्या गटात डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. रुग्णाच्या वहीतले आकडे आता उपचाराचाच भाग ठरले.

७/ मग वही संगणकात गेली. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये ‘हेल्थव्हॉल्ट’, तर गुगलने २००८ मध्ये ‘गुगल हेल्थ’ सुरू केले. गुगलची सेवा २०१२ च्या आरंभी बंद झाली, मायक्रोसॉफ्टची नोव्हेंबर २०१९ मध्ये. आजार जन्मभराचा, तिजोरीचे आयुष्य मात्र चार आणि बारा वर्षांचे.

८/ भारतात २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यातील ‘आभा’ क्रमांक १४ अंकी. नोंदी त्या-त्या रुग्णालयाकडेच राहतात आणि रुग्णाच्या संमतीने दुसरीकडे पाठवता येतात. म्हणजे किल्ली रुग्णाच्या हाती, कपाट दुसऱ्याच्या घरी.

९/ १९६९ मध्ये प्रश्न होता, आकडा पाहण्याचा अधिकार कोणाला? आज प्रश्न आहे, तो आकडा वीस वर्षांनीही सापडेल का? आजी-आजोबांच्या रिपोर्टांची ती जाडजूड फाइल रद्दीत घालण्यापूर्वी एकदा जरूर चाळा. मोबाइलमध्ये नोंदी असतील, तर त्यांची एक प्रत स्वतःपाशी ठेवा. (समाप्त)