एका चुलीच्या भरोशावर

नागपूरच्या महालातल्या आमच्या जुन्या घरी दिवस उजाडायचा तो धुराने. आजी अंगणात सिगडी पेटवायची. खाली पऱ्हाट्यांचे तुकडे, वर दगडी कोळसा, आणि तोंडाने एकसारखं पुटपुटणं. देवाचं नाव असेल किंवा कोळसेवाल्याला शिव्या. दोन्हींची चाल सारखीच होती. धूर विरून कोळसे लाल झाले की सिगडी आत, मग चहा. आबाजींची, म्हणजे आजोबांची, सकाळपाळी असली की हे सगळं पहाटे चारला, एम्प्रेस मिलच्या भोंग्याच्या आधी.

मिलची गोष्ट आबाजींकडून ऐकावी. ती सुरू झाली १ जानेवारी १८७७ला, व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी. म्हणून नाव एम्प्रेस. टाटांनी मुंबई सोडून नागपूर निवडलं, कारण कापूस इथला, रेल्वे दाराशी आणि कोळसा वरोऱ्याचा. इतकं पुस्तकातही आहे. पण आबाजींच्या गोष्टीत जमशेटजी स्वतः बैलगाडीतून वरोऱ्याला जात आणि कोळशाचा खडा वांग्यासारखा दाबून बघत. हे त्यांना कोणी सांगितलं, देव जाणे. तेव्हा त्यांचा बापही जन्माला आलेला नसावा.

आजीला मिलशी घेणं नव्हतं, कोळशाशी होतं. पोत्याच्या तळाला उरलेली भुकटी ती शेणमातीत कालवून गोळे वळायची आणि लाडवांसारखे ओळीने वाळत घालायची. वरण-भाताला सिगडी, आंघोळीच्या पाण्याला परसातली चूल, अवचित पाहुण्याला रॉकेलचा स्टोव्ह. रोडगे मात्र गोवऱ्यांच्या आरातच. राख झटकून तुपात बुडवलेला रोडगा आणि वांग्याची भाजी ज्याने खाल्ली नाही त्याला काय सांगायचं! चुलीच्या राखेने भांडी निघायची, उरलेली वांग्यांच्या आळ्यात. यातलं एखादं सरपण संपलं तरी आजी घाबरायची नाही. “एका चुलीच्या भरोशावर घर नाही चालत, बाप्पा,” म्हणायची.

हे शहाणपण ती माहेरून, वर्ध्याहून घेऊन आली असावी. तिथल्या मगनवाडीत १९३४ पासून ग्रामोद्योग संघाचं काम चाले. तो जे. सी. कुमारप्पांनी उभा केला. त्यांनी पुढे ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ लिहिलं. त्यातला एक विचार मला आजीच्या स्वयंपाकघरातलाच वाटतो: कोळसा, तेल म्हणजे साठवणीचा हौद, उपसाल तितका कमी होणारा, जंगल म्हणजे वाहतं पाणी, बेताने घेतलं तर पुरणारं. लढाईच्या दिवसांत रॉकेल मिळेना, तेव्हा तिचे वडील मगनवाडीतून गोडेतेलावर जळणारा मगनदीप घेऊन आले, असं आजी सांगायची. मामाआजोबांच्या मते तो साधा कंदीलच होता आणि कोणाकडून तरी मागून आणलेला. दोघं भाऊबहीण यावर शेवटपर्यंत भांडले.

१९७३ साली जगात तेल भडकलं ते मला कंट्रोलच्या दुकानासमोरच्या डब्यांच्या रांगेवरून आठवतं. माणसं सावलीला, डबे रांगेत. त्याच वर्षी खाणी सरकारजमा झाल्या, पुढच्या वर्षी कोराडीचं वीजकेंद्र सुरू झालं, १९७५ला वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्य कार्यालय नागपुरातच आलं. कोळसा आपला, वीज आपली, आता अंधार कुठला, असं आबाजींना वाटलं. आणि पुढे तीसेक वर्षांनी, ऐन नवतप्यात, तासन्‌तास भारनियमन! कूलर मुका, पोट्टे गच्चीवर. आबाजी तोवर गेले होते. आजीने माळ्यावरचा कंदील काढून राखेने काच घासली. “मी म्हटलं नव्हतं?” एवढंच बोलली.

धुराचं कौतुक मी लांबून करतो आहे, हेही कबूल करतो. फुंकणी माझ्या हातात नव्हती. आजीचे डोळे बारा महिने लाल असत आणि हिवाळ्यात खोकला रात्रभर चाले. गॅस आला तेव्हा तीन दिवस ती त्याच्याजवळ गेली नाही. चौथ्या दिवशी चहा केला, बिनधुराचा, आणि पदराने उगाचच डोळे पुसले. सवयीने, असं ती म्हणाली.

तिची राख परसात जिरायची. कोराडीची जिरत नाही. २०२२च्या पावसाळ्यात खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचं पाणी शेतांत शिरलं. पाण्याचं मात्र चांगलं झालं. पेंचचं पाणी शहरालाही हवं, वीजकेंद्रालाही. मग भांडेवाडीला शहराचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीकडे पाठवायचं ठरलं. रोज १३ कोटी लिटरचा प्रकल्प. आमच्या मोरीचं पाणी विजेच्या कामी आलं! आजीने ऐकलं असतं तर म्हणाली असती, काऊन, मी नाही का तांदळाचं धुवण तुळशीला घालत?

आता छतावरच्या सौरविजेत नागपूर राज्यात पुढे आहे. ऊन तर आपल्याकडे मणाने. खरं म्हणजे ऊन ही आजीची पाचवी चूलच. सांडगे, कुरड्या, सरगुंडे, मिरच्या, सगळं तिने गच्चीवरच शिजवलं, असं म्हणायला हरकत नाही. गेल्या वर्षी पुतण्याने त्याच गच्चीवर पॅनेल बसवायला माणूस बोलावला. त्याने आखणी केली तर गच्ची पुरती भरत होती. वहिनी टेप धरून मागे उभ्या राहिल्या. पॅनेलच्या सावलीत कुरड्या वाळत नाहीत, म्हणून दोन पॅनेल कमी बसले.